जोडावर उभं शहर : मकबऱ्याचा चुना आणि मुकुंदवाडीचे बीम

बीबी का मकबरा पाहायला आलेला पाहुणा एक वाक्य हमखास बोलतो : ताजमहालची स्वस्तातली नक्कल. पैसा कमी पडला, संगमरवर अर्ध्यावर थांबला, वरचं काम चुन्यात उरकलं. आपणही हे मान हलवून ऐकतो. 'गरिबांचा ताज' हा शब्द आपल्याच शहरात तयार झाला आणि आपणच तो विकला.

जुन्या तवारिखेत या इमारतीच्या खर्चाचा आकडा ६ लाख ६८ हजार २०३ रुपये ७ आणे असा आहे. ताजमहालसाठी ३ कोटींवर खर्च झाला असं सांगितलं जातं. म्हणजे पैसा कमी होता यात शंका नाही. प्रश्न असा की कमी पैशात बांधणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत संगमरवर लावला. त्याच्या वर, घुमटाच्या बुडापर्यंत, इथलाच काळा बेसाल्ट वापरला. घुमट पुन्हा संगमरवरी केला. बेसाल्टवर चुन्याचा असा घोटीव गिलावा चढवला की दुरून तीन वस्तूंची इमारत एकाच वस्तूची दिसावी. संगमरवर मकराण्याहून यायचा. तावर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना त्याला वाटेत संगमरवराने लादलेल्या सुमारे ३०० गाड्या दिसल्या. सगळ्यांत लहान गाडीलाही बारा बैल होते. एवढं ओझं एवढ्या लांबून आणायचं, तर ते जिथे हात लागतो, ओल चढते आणि नजर पडते तिथेच लावणं हा हिशेब झाला. त्याला कंजुषी म्हणता येणार नाही.

(जाता जाता : 'मुलाने आईसाठी बांधला' ही गोष्ट सांगतात तितकी सरळ नाही. दिलरस बानू बेगम १६५७ साली वारल्या. शहजादा आझम तेव्हा चार वर्षांचा होता.)

या कामाचा वास्तुकार अताउल्ला. ताजमहालचे उस्ताद अहमद लाहोरी यांचा हा मुलगा. त्याच्यासोबत अभियंता हंसपत राय. दोघांची नावं प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. कारागिरांची नावं कुठेच नाहीत. संगमरवर कुठे संपवायचा आणि बेसाल्ट कुठे सुरू करायचा हे अताउल्लाने ठरवलं असेल, पण ती फट भरली ती कुणा गवंड्याने.

मला या लेखात त्या फटीबद्दलच बोलायचं आहे. आपलं शहर मलिक अंबरने १६१० साली खडकी म्हणून वसवलं, मग ते औरंगाबाद झालं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. या चारशे वर्षांत इथे कोणतीही मोठी गोष्ट एकाच वस्तूची क्वचितच बांधली गेली. सगळा इतिहास जोडाचा आहे.

चुना, ताग आणि तुळई

दख्खनमध्ये दगडाला तोटा नाही, चुन्याला आहे. बेसाल्ट भाजून चुना होत नाही. म्हणून इथले लोक काळ्या जमिनीतून, ओढ्याकाठातून चुनखडीचे गाठाळ खडे वेचायचे आणि भट्टीत भाजायचे. या खड्यांत थोडी चिकणमाती असते. त्यामुळे तयार होणारा चुना पाण्यातही बऱ्यापैकी धरतो. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की आणखी पक्का होतो. बैल जुंपलेल्या घाणीत तो तासन्‌तास मळला जायचा. गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायची पद्धतही सर्वत्र होती.

वेरूळच्या लेण्यांनी यात एक वेगळाच पुरावा दिला. पुरातत्त्व खात्यात रसायनतज्ज्ञ राहिलेले राजदेव सिंग आणि इथल्या मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. एम. एम. सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्याचे नमुने तपासले. त्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. २०१६ साली त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. देवगिरीच्या किल्ल्यातही हे तंतू सापडले. माती आणि चुना वाळताना आकसतो आणि तडकतो; तंतू ती तडक धरून ठेवतो. आज इंजिनियरिंग कॉलेजात फायबर काँक्रीट म्हणून जे शिकवतात त्यामागचा विचार याहून वेगळा नाही. फक्त ताग किंवा भांगेच्या जागी पोलादाचे आणि प्लास्टिकचे धागे आले.

पण चुना आणि दगड यांच्यात एक गोष्ट होत नाही. त्यांचा बीम होत नाही. दगड दाबाला राजा आणि ताणाला भिकारी. दोन खांबांवर लांब दगड आडवा टाकला की त्याच्या खालच्या कडेला ताण येतो आणि तो मधोमध मोडतो. म्हणूनच कमान आली. १६१२चा भडकल दरवाजा पाहा : सगळा भार कमानीतून वळत वळत जमिनीत जातो, ताण कुठे उरतच नाही. सामान्य माणसाच्या घरात एवढी कमान कोण बांधणार? तिथे सागाची तुळई असायची. तुळईवर किलचन, किलचनावर मातीचं माळवद. मराठवाड्यात घर किती मोठं हे खणांत सांगायचे आणि खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. लाकूड जेवढं लांब तेवढा खण.

शहाबादचं सिमेंट

निजामाच्या राज्यात १९०० साली मनमाडहून हैदराबादला जाणारी गोदावरी व्हॅली रेल्वे सुरू झाली. मुकुंदवाडीचं स्टेशन आज याच मार्गावर आहे. लोखंड स्वस्तात यायला लागलं आणि तुळईच्या जागी गर्डर आला. त्यावर शहाबादी फरशी किंवा विटांच्या छोट्या कमानी, वर चुन्याचा कोबा. जुन्या औरंगाबादेत अशी छतं अजून दिसतात. हाही जोडच होता : ताण लोखंडाने घ्यायचा, दाब विटेने.

पोर्टलँड सिमेंट इंग्लंडमध्ये १८२४ सालचं. काँक्रीटमध्ये लोखंडी जाळी घालायचं पेटंट फ्रान्समधल्या मोनिए नावाच्या माळ्याचं, १८६७चं. त्याला फुलझाडांच्या कुंड्या मजबूत करायच्या होत्या. त्यातून पुढे सगळं जग बांधलं गेलं, याचं कारण एका योगायोगात आहे. उन्हाने लोखंड जितकं प्रसरण पावतं जवळपास तितकंच काँक्रीटही पावतं. तसं नसतं तर पहिल्याच उन्हाळ्यात दोघे एकमेकांना सोडून गेले असते. आपल्या शेजारी, तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यात, शहाबादला सिमेंटचा कारखाना निघाला. १९३६ साली देशातल्या दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली, त्यात शहाबादही होतं.

स्वातंत्र्यानंतर सिमेंट हवं तेवढं मिळालं असं मात्र नाही. भाव आणि वाटप सरकारच्या हातात होतं. पोत्याला परमिट लागायचं. १९८२च्या जानेवारीत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली ती याच सिमेंटच्या कोट्यावरून. महाराष्ट्राचा आजवरचा एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री म्हणून आपण त्यांची आठवण काढतो. तो काळ सिमेंटच्या टंचाईचा होता हे विसरतो. त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. तोवर मराठवाड्यातलं मध्यमवर्गीय घर म्हणजे भिंत मातीत किंवा चुन्यात आणि जपून ठेवलेलं सिमेंट फक्त स्लॅबसाठी.

मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालं होतं, गावं उशिरा झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसं गेली. ती बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. अडीच-तीन फूट जाडीच्या त्या दगडी भिंती इतक्या कशा ढासळल्या? कारण ती एक भिंत नव्हतीच. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये माती आणि बारीक दगड. दोन्ही पदरांना शिवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, ज्याला गवंडी हेडर म्हणतात, तो घातलाच नव्हता. धक्का बसला, पदर सुटले, माळवदाची कित्येक टन माती खाली आली. दगड चांगलाच होता. जोड नव्हता.

किल्लारीनंतर मराठवाड्याने दगड-माती सोडली. स्लॅब म्हणजे सुरक्षित, हे समीकरण घराघरात पक्कं झालं. ते अर्धंच खरं आहे.

एका बीममध्ये दोन काँक्रीट

चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत १९६०च्या दशकातली. १९७०च्या दशकात सिडकोने नव्या औरंगाबादची आखणी सुरू केली आणि मुकुंदवाडीसारख्या गावांच्या शेतजमिनी त्या नकाशात गेल्या. एका बाजूला आखीव सेक्टर आणि दुसऱ्या बाजूला गुंठ्यागुंठ्याने विकलेली जमीन असं चित्र तयार झालं. २००१ साली गुंठेवारीचा कायदा आला तोवर हजारो कुटुंबांनी घरं बांधून टाकली होती. ही घरं एकदम बांधली जात नाहीत. भिशी लागली की प्लिंथ, मुलगा कंपनीत चिकटला की खालचा स्लॅब, मुलीच्या लग्नानंतर हात मोकळा झाला की वरचा मजला. एकाच घरात वीस वर्षांची काँक्रीटं असतात. कधी एकाच बीममध्ये दोन.

दोन काँक्रीट एका बीममध्ये असणं हा मुळात गुन्हा नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत असे बीम मुद्दाम ओतून मोडून पाहतात. त्यामागचं गणित साधं आहे. बीम वाकतो तेव्हा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो, मध्ये एक रेषा असते जिथे दाबही नाही आणि ताणही नाही. तिला तटस्थ अक्ष म्हणतात. आपला आयएस ४५६ हा काँक्रीटचा कोड १९५३ साली आला, सध्याची आवृत्ती २०००ची. तो वाकण्याच्या हिशेबात तटस्थ अक्षाखालचं काँक्रीट धरतच नाही. तिथला ताण सळईने घ्यायचा. एफई-४१५ची सळई असेल तर ही रेषा वरून, परिणामकारक खोलीच्या ०.४८ पटीपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही, असाही नियम आहे. म्हणजे बीममधलं निम्म्याहून जास्त काँक्रीट वाकण्याच्या ताकदीत मोजलंच जात नाही.

मग तिथे हलकं, स्वस्त, पाडलेल्या घराच्या खडीचं काँक्रीट घातलं आणि वर चांगलं घातलं तर? संशोधकांनी हेच केलं. दोन्ही थर ओले असतानाच एकावर एक पडले, तर वाकण्याची अंतिम ताकद फारशी बदलत नाही, कारण नीट आखलेल्या बीममध्ये आधी सळई थकते. बदलतं ते बाकीचं. खालचं काँक्रीट कमकुवत असेल तर भेगा लवकर येतात, बीम जास्त झुकतो. आधाराजवळ तिरप्या भेगा पाडणारं कातरबल घेण्याची शक्ती घटते. सळईवरचं आवरण सच्छिद्र राहतं, ओल आत शिरते आणि गंज धरतो. काही जण उलटं करतात : खालच्या ताणाच्या भागात तंतू घातलेलं काँक्रीट. भेगा बारीक राहतात, सळई झाकलेली राहते. मला हा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. वेरूळच्या कारागिरालाही तो पटला असता.

एक बारकावा इथे फार महत्त्वाचा आहे. 'वर दाब, खाली ताण' हे फक्त दोन खांबांच्या मधल्या भागात खरं. खांबाजवळ बीम उलटा वाकतो : वर ताण, खाली दाब. आणि रस्त्यावर पुढे काढलेल्या बाल्कनीत तर पूर्ण लांबीभर वरच ताण असतो. मधल्या भागाला मानवणारा थरांचा क्रम खांबाशी घात करतो.

ताकद आणि ताठरपणा या दोन गोष्टीही वेगळ्या आहेत. एम-२० काँक्रीट म्हणजे २८ दिवसांनी त्याचा ठोकळा दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसतो. एम-४० त्याच्या दुप्पट. पण कोडच्या सूत्राने ताठरपणा काढला तर एम-२०चा सुमारे २२,४०० येतो आणि एम-४०चा ३१,६००. दुप्पट नाही, १.४ पट. दोन्ही एकत्र काम करू लागले की जो ताठर तो जास्त भार ओढून घेतो आणि दोघांच्या मधल्या रेषेवर घसरण्याची ओढ तयार होते. दोन वह्या एकावर एक ठेवून वाकवा, पानं सरकतात. चिकटवून वाकवा, सरकत नाहीत. अख्खा बीम त्या चिकटवण्यावर उभा असतो.

प्रयोगशाळेत दोन्ही थर अर्ध्या तासात पडतात. साइटवर तसं होत नाही. बीमचा खालचा भाग आज भरला, लाइट गेली, बिगारी जेवायला गेले, पाऊस आला. वरचा स्लॅब उद्या. किंवा पहिला ट्रक रेडीमिक्सचा आणि कमी पडलं म्हणून उरलेलं घमेल्याच्या मापाने. कालचं काँक्रीट धरलेलं असतं, त्यावर सिमेंटच्या पाण्याची पांढरट, गुळगुळीत साय असते. तिच्यावर नवं पडलं की दिसायला एक, असायला दोन. शिवाय नवं काँक्रीट वाळताना आकसतं, जुन्याचं आकसून झालेलं असतं. त्यामुळे पहिली भेग त्या रेषेवरच येते. उपाय महागडा नाही. ती साय खरवडायची, टाचे मारायचे, खडी उघडी करायची, धुऊन ओलं करायचं आणि रिंगा जोडाच्या आरपार गेलेल्या असतील हे पाहायचं. काम थांबवायचंच असेल तर बीमच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात थांबवायचं, जिथे कातरबल कमी असतं. जुन्या मिस्त्रींना हे सगळं ठाऊक असतं. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या गवंडीकाम करणारी मुस्लिम कुटुंबं आहेत. त्यांच्यातले म्हातारे जोडाला 'सांधा' म्हणतात आणि तो मोडक्या हाडासारखाच बसवायचा असतो असं सांगतात. पण मजुरी चौरस फुटावर ठरते. टाचे मारायला गेलेला अर्धा दिवस कोणत्याच बिलात येत नाही.

कापलेली घरं

२०२५च्या जूनमध्ये जालना रोडच्या रुंदीकरणासाठी मुकुंदवाडीत मोठी पाडापाडी झाली. रस्ता हवा की नको, नुकसानभरपाई कुणाला, हे विषय स्वतंत्र आहेत आणि त्यांवर बरंच लिहून झालं. मी पाहत होतो ते वेगळं. कापलेली इमारत म्हणजे उघडं पुस्तक. एरवी गिलाव्याखाली असणारं बीमचं पोट तिथे दिसतं. एका ठिकाणी खालचे आठ-नऊ इंच दाट, राखाडी. त्यावर सरळ रेष. रेषेच्या वर मोठी खडी आणि मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं. रेषेवर ओलीचा तपकिरी डाग आणि त्याच उंचीवर रिंगा गंजून सुतळीएवढ्या उरलेल्या. वीस पावलांवर दुसरं घर, बहुधा तितकंच जुनं, त्यात रेष शोधूनही सापडत नव्हती.

आता या अर्ध्या घरांना नवी तोंडं येत आहेत. पुढचा खांब गेला, बीम मधोमध तुटला, त्याला नवा खांब आणि नवा बीमचा तुकडा जोडायचा. हाच तो दोन काँक्रीटांचा बीम. जुना तुकडा कदाचित १:२:४ मिश्रणाचा, म्हणजे एम-१५च्या आसपासचा. २०००च्या कोडने सळईच्या कामाला किमान एम-२० सांगितलं. नवा तुकडा एम-२५.

इथे पहिला धोका जोडाआधीच सुरू होतो. दोन खांबांवरचा बीम मध्ये कापला की राहिलेला तुकडा मागच्या खांबाला बाल्कनीसारखा लटकतो. ताण एकदम वर जातो आणि मधल्या भागातली मुख्य सळई तर खाली आहे. खांबावरच्या जादा सळया पुढे फार लांब नेलेल्या नसतात. म्हणून पाडकाम संपल्याच्या दिवशी टेकू लागले पाहिजेत, नवा खांब तयार होईल तेव्हा नव्हे. वरच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर आणखीच.

दुसरा प्रश्न सळईच्या लांबीचा. एम-२० काँक्रीटमध्ये एफई-५००च्या सळईला पूर्ण पकड मिळायला तिच्या जाडीच्या सुमारे ५७ पट लांबी लागते. १२ मिलिमीटरच्या सळईला ६८० मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन फूट. कापलेल्या बीममधून बाहेर आलेली सळई बहुतेक वेळा वीतभर असते आणि तीही यंत्राच्या धक्क्याने वाकलेली. एकतर जुनं काँक्रीट सव्वादोन फूट मागे फोडून सळई मोकळी करायची, किंवा भोक पाडून, ते फुंकून साफ करून, रसायनाने नवी सळई बसवायची. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसा. त्याआधी जुन्या काँक्रीटचा कोर काढून ताकद तपासली तर उत्तम. शहरात १९६०पासून सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तपासणीच्या खासगी प्रयोगशाळाही आहेत. एका घराचा तपासणीचा खर्च नव्या शटरच्या रंगाहून फार जास्त नसावा.

मुकुंदवाडीत मी पाहिलेल्या अशा कामांपैकी एका घराचं काम एक साठीतला मिस्त्री करत होता. मालकाला शटर लवकर लावायचं होतं, रस्त्याकडचं दुकान बंद होतं. मिस्त्रीने दोन दिवस कुणालाच घमेलं उचलू दिलं नाही. तो आणि त्याचा भाचा छिन्नी घेऊन जुन्या बीमचं तोंड फोडत बसले होते. सळई आत किती मोकळी झाली ते तो फूटपट्टीने नव्हे, स्वतःच्या हाताने मोजत होता : कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एकदा, मग वर आणखी एक वीत. मालक तिसऱ्यांदा येऊन गेला तेव्हा त्याने फक्त विचारलं, "टेकू किसने हिलाया?"